पाना ओढून हात भरून आलाय, म्हणालात

अहो, आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ते मी तुमचं उत्तरकार्य होईपर्यंत पाळलं. जो आला त्याच्यापुढे मान हलवली, चहा दिला, "हो ना, फार साधा माणूस" म्हटलं. आता माणसं आपापल्या घरी गेली, भाड्याच्या सतरंज्या परत गेल्या, आणि तुमच्याशी सरळ बोलायला मला सवड मिळाली. तुम्ही साधे बिधे काही नव्हतात.

पहिल्या मजल्यावरचे कुलकर्णी भेटायला आले तेव्हा म्हणाले, वहिनी, भाग्यवान माणूस, आवडीचं काम करता करता गेले. त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावा असं मला वाटलं. घेतला नाही, कारण त्या सकाळी त्यांनीच स्वतःच्या गाडीतून तुम्हाला हॉस्पिटलात नेलं होतं. आपली गाडी होती कुठे? ती खाली पार्किंगमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी, मागचं एक चाक काढलेलं, आणि ते चाक तिच्याच पोटाखाली आडवं सरकवलेलं. जन्मभर गाडीची सेवा करणाऱ्या माणसाला शेवटी शेजाऱ्याच्या गाडीतून जावं लागलं. याला भाग्य म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

आणि काम करता करता गेलात कसले? तुम्ही स्वतःच्या पायांनी वर आलात. बेसिनपाशी उभे राहून साबणाच्या चुऱ्यात माझ्या डब्यातली साखर घालून हाताचं ग्रीस काढायला लागलात. मी नेहमीप्रमाणे साखरेवरून बोलले. तुम्ही उलट उत्तर दिलं नाहीत, तेव्हाच मी ओट्यापासून वळले. तुम्ही म्हणालात, "शैला, जरा बसतो," आणि बाथरूमच्या स्टुलावर बसलात, हात अर्धे धुतलेले. ते हात हॉस्पिटलातही काळेच होते. मी पदराने पुसत होते आणि ग्रीस काही निघत नव्हतं.

तिथल्या डॉक्टर आपल्या लेकीच्या, मुक्ताच्या वयाच्या होत्या. त्यांनी विचारलं, आधी छातीत, खांद्यात, हातात कधी दुखत होतं का? मी इतकी वर्षं वर्गात गणित शिकवलं, तशाच ठाम आवाजात सांगितलं, डावा हात दुखत होता, पण तो पाना ओढून. ते डावखुरे आहेत. गाडीचा एक बोल्ट निघत नाहीये. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. सगळं संपल्याचं सांगून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "काकू, हे आजचं नसणार. त्यांना बरेच दिवस जाणवत असणार."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न बसलाय, आणि तो अश्रूंनी विरघळणारा नाही. तुम्हाला माहीत होतं का? बोल्ट खरोखरच घट्ट असेल, तुम्ही तो रोज जीव खाऊन ओढत असाल, आणि त्या ओढण्यात छातीचं दुखणं लपून गेलं असेल, तर तुम्हीही माझ्यासारखेच फसलात. फसलेल्या माणसावर मी किती दिवस रागावणार? पण माहीत असून तुम्ही ते बोल्टच्या नावावर खपवलं असेल, तर मग आपलं दोघांचं भांडण आहे. तुम्ही गेलात म्हणून ते मी सोडून देणार नाही.

लोकांना वाटतं, गाडी दुरुस्त करायची तुम्हाला हौस होती. हौस कसली, ते वैर होतं, आणि ते मिठाशी होतं. तुमचे वडील मिठागरात राबले. मिठानं आपल्याला खायला घातलं आणि मीठच आपलं लोखंड खातं, असं तुम्ही दर पावसाळ्यानंतर गाडीच्या पोटाखाली बॅटरी मारत म्हणायचात. करंजाड्याला फ्लॅट घेतला तेव्हा बायका खिडकीतून वारा येतो म्हणून खूश होतात, तशी मी झाले. तुम्ही खिडकीत उभे राहून नाकानं हुंगलंत आणि म्हणालात, खाडीचा वारा आहे, ढवळी गंजणार. पांढऱ्या गाडीला गाईचं नाव ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गॅरेजवाल्यांवर तुमचा विश्वास नव्हता. ते जोर लावतात, बोल्टचं डोकं झिजवतात, आटे मारतात आणि वर म्हणतात पार्ट बदला. म्हणून रविवार म्हटला की तुम्ही पुठ्ठा अंथरून तिच्याखाली. निवृत्त झाल्यावर सगळेच वार रविवार झाले.

घट्ट बसलेल्या बोल्टला तुम्ही कधी जाम म्हटलं नाहीत. तुम्ही म्हणायचात, रुसलाय. आणि रुसलेल्याची समजूत काढतात, त्याला मारत नाहीत. मग गिअरच्या तेलात मुक्ताचं नेलपॉलिश काढायचं पाणी मिसळून सकाळ-संध्याकाळ थेंब थेंब सोडायचं. हातोडीनं बेतानं ठोकायचं, शेजाऱ्याचं दार वाजवावं तसं. थांबायचं. पुन्हा थेंब. आणि सोडवायला जाल तेव्हा सगळ्यात पहिल्यांदा तो उलट आवळायचा, अगदी केसभर, म्हणजे गंजाची पकड तुटते. हे तुमच्या वडिलांचं शिक्षण. मिठागराच्या बांधाला पाणी आतबाहेर सोडायचं दार असतं, त्याच्या लोखंडी बोल्टवर त्यांनी ते लहानपणी तुम्हाला शिकवलं होतं. "सोरायचा आसंल त आधी जरासा आवळ," हे वाक्य तुम्ही त्यांच्याच आवाजात म्हणायचात. गाडीखाली गेलात की तुमची प्रमाण भाषा पार्किंगच्या दारातच राहायची.

तेव्हा मी कौतुकानं ऐकायचे. आता मला संताप येतो. एका लोखंडाच्या तुकड्यापुढे एवढी माया, एवढा धीर, आणि मी रुसले की तुम्ही काय करायचात? पाना उचलून खाली जायचात. माझ्यासाठी कधी थेंब सोडलात का? मुक्ताच्या लग्नाच्या याद्यांवरून मी आठवडाभर अबोला धरला होता, त्या आठवड्यात तुम्ही ढवळीचे पुढचे दोन्ही ब्रेक खोलून साफ केलेत. शेवटी मीच खाली आले आणि तुमच्या पायाशी उभी राहून म्हटलं, जेवायचं झालंय. तुम्ही गाडीखालूनच म्हणालात, "हा बघ, हा पण निघाला." त्या "पण"वर मी खरं तर आणखी एक आठवडा रुसायला हवं होतं.

पण निघालेल्या बोल्टची तुमची ती रीत. सोडवलेला बोल्ट तुम्ही तारेच्या ब्रशनं घासून लख्ख करायचात आणि वर येऊन माझ्या चहाच्या बशीत ठेवायचात, मांजर उंदीर पकडून दाखवायला आणतं तसा. मी ओरडायचे, बशीत मीठमाती घालू नका. तुम्ही म्हणायचात, अगं बघ तरी, आला की नाही? त्या वेळचं तुमचं तोंड म्हणजे पहिला नंबर आलेल्या पोराचं. एकही निघालेला बोल्ट माझ्या बशीत आल्याशिवाय राहिला नाही, हे मी शपथेवर सांगीन.

आपला वाद एकाच गोष्टीवर होता आणि तो अर्धाच राहिला. मी म्हणायचे, दोन-तीन दिवसांत नाही निघाला तर कापा. ग्राइंडर आणा, कापा, नवा घाला. बोल्ट काय सोन्याचा आहे? तुम्ही म्हणायचात, कापला तर तो निघाला नाही, मेला. मी म्हणायचे, बोल्टला जीव नसतो. तुम्ही म्हणायचात, तू गणिताची बाई आहेस, तुला नाही कळायचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ती तुमची गत. आज पुन्हा सांगते, कापायला हवा होता. पहिल्याच दिवशी कापला असता तर तुमच्या हातदुखीला सांगायला बोल्ट उरला नसता आणि मी तुम्हाला ओढत दवाखान्यात नेलं असतं.

रागात सगळंच वाईट आठवतं असं नाही. तुमच्या थोरल्या बहिणीच्या, आक्कांच्या मुलाच्या लग्नाला पेणला निघालो होतो, तो दिवस परवापासून सारखा समोर येतोय. शिरढोणच्या पुढे हायवेवर पंक्चर झालं. टायरवाल्यानं चाकाचे नट मशीननं आवळून ठेवलेले, एक जागचा हलेना. तुम्ही पाना लावून ओढताय, घाम गाळताय, ट्रकवाले खिडकीतून बघत जाताहेत, आणि मी नारायणपेठ नेसून कडेला उभी, मुहूर्ताची चिंता करत. तुम्ही एकदा पान्याकडे पाहिलंत, एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, अजिबात नाही. मग निऱ्या सावरून, चपला काढून, तुमच्या डोक्यावर हात टेकून मी त्या पान्यावर उभी राहिले. कर्र आवाज झाला आणि मी अलगद खाली आले. तुम्ही म्हणालात, "मॅडम, एवढं दणकट हत्यार घरात असताना मी पाने विकत घेत बसलो." सगळे नट तसेच काढले. अक्षता चुकल्या, जेवण मिळालं. साडीच्या काठाला ग्रीस लागलं म्हणून परतीच्या वाटेवर मी भांडत आले. त्या दिवशी मी फार सुखात होते. हे तुम्हाला सांगायचं राहिलं, ते आता सांगते.

मग आला हा शेवटचा बोल्ट. मागच्या शॉकअपचा खालचा. गचके बसतात म्हणून शॉकअप बदलायचं तुम्ही ठरवलंत, नवा आणून ठेवलात, चाक काढलंत. संध्याकाळी वर येऊन म्हणालात, "नाय निघत, लई रुसलाय." मी म्हटलं, उद्या निघेल. दुसऱ्या दिवशी तेच. मग तुम्ही डावा खांदा दाबत वर यायला लागलात. मी विचारलं, काय झालं? "काही नाही, पाना ओढून हात भरून आलाय." मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवून या. तुम्ही हसून म्हणालात, पाना ओढल्यावर डॉक्टर काय करणार, बोल्टलाच इंजेक्शन द्यायला लागेल.

रोज संध्याकाळी बाम घेऊन मी तुमचा हात चोळत बसायचे, आणि चोळता चोळता त्या बोल्टला शिव्या घालायचे. तुम्ही डोळे मिटून पडायचात. मी विचारायचे, आज तरी? तुम्ही म्हणायचात, "आज नाय निघाला." आणि मग म्हणायचात, "चोळ, बरं वाटतंय." ते बरं वाटतंय मला आता ऐकवत नाही. कशाला बरं वाटत होतं तुम्हाला? कुठे दुखत होतं आणि मी कुठे चोळत होते?

तुम्ही गेल्यापासून आक्का इथंच आहेत. तुमच्यापेक्षा थोरल्या, तुम्हाला कडेवर घेऊन वाढवलेल्या, तेव्हा त्यांना दुःख किती झालं असेल ते मला कळतं. पण त्यांनी दुःखाला धरायला ढवळीला धरलं. जाता-येता पार्किंगमध्ये तिच्याकडे बघून त्या बोटं मोडायच्या. उत्तरकार्य झालं त्याच संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "ही गारी माज्या भावाला खाऊन बसली. दारात ठेवायची नाय." त्यांचा मुलगा जासईला कंटेनरच्या यार्डात क्रेन चालवतो. तो दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी घेऊन येणार, ढवळीला उचलणार आणि थेट भंगारात देणार, असं सगळं परस्पर ठरलेलं होतं. मी म्हटलं, आक्का, माझ्या घरातली गाडी आहे, मला विचारायचं तरी. त्या म्हणाल्या, "तुजा नवरा व्हता, पन आधी माजा भाव व्हता."

आणि खरं सांगते, गाडीचं मला काही नव्हतं. तिच्यासाठी मी एक दिवस भांडले नसते. पण ती गेली की तिच्याबरोबर तो बोल्ट जाणार होता, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर जगात फक्त तेवढ्या एका ठिकाणी होतं. बोल्ट घट्ट असेल तर तुम्ही फसलात. ते मला हातानं तपासून बघायचं होतं, कुणाच्या सांगण्यावर जायचं नव्हतं. मुक्ताला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, आता कळून काय होणार?" मी म्हटलं, तू गप्प राहा आणि बॅटरी धरायला चल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी पंजाबी ड्रेसवर तुमचा कामाचा शर्ट चढवला आणि हत्यारांची पिशवी घेऊन खाली उतरले. मागून आक्का. त्यांना वाटलं, मी गाडी वाचवायला काहीतरी करतेय, म्हणून त्या वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची ओढून पहारा द्यायला बसल्या. मी पुठ्ठा अंथरला आणि आडवी झाले. इतकी वर्षं मी तुमचे फक्त पाय पाहिले होते. तुम्ही आतून काय बघत होतात ते पहिल्यांदा पाहिलं. फार काही नाही, काळं लोखंड आणि तांबूस गंज. मी मनाशी लढाईची तयारी करून गेले होते. तेलाची बाटली, हातोडी, पान्याला लांबी द्यायला पाइपचा तुकडा, सगळं जवळ. आणि मनातून मी देवाला विनवत होते की हा बोल्ट निघू नये. माझ्या हातानं निघूच नये, पाइप वाकावा, माझाही हात भरून यावा. मग मी वर जाऊन तुमच्या फोटोसमोर बसले असते आणि म्हटलं असतं, जाऊ दे, तुम्हाला तरी काय कळणार होतं.

पाना बसवला. तुमच्या रीतीप्रमाणे आधी आवळायला गेले. तो फिरला.

मला वाटलं पाना घसरला. काढून पुन्हा बसवला, आवळला, पुन्हा फिरला, सहज. उलट फिरवला, तसाही फिरला. मी पाना बाजूला ठेवला आणि बोटांनी धरला, तर लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरावं तसा तो फिरत फिरत माझ्या हातात आला. मुक्तानं बॅटरी जवळ आणली. आटे तारेच्या ब्रशनं घासून लख्ख केलेले, वर ग्रीसचा हलका हात. गंजाचा कणसुद्धा नव्हता. ग्रीसवर धूळ बसून ती सुकली होती, आणि तारेचा ब्रश तर जाण्याच्या आठवडाभर आधीच तुम्ही माळ्यावर टाकला होतात, म्हणजे हे काही शेवटच्या सकाळचं काम नव्हतं. बाजूला नवा शॉकअप खोक्यात तसाच, खोक्याची चिकटपट्टीही फाडलेली नाही.

म्हणजे तुम्ही जिंकला होतात. कापला नाहीत, मारला नाहीत, समजूत काढून सोडवला होतात. आणि वर आणला नाहीत. माझ्या बशीत ठेवला नाहीत. घासून पुसून परत होता तिथं बोटांनी बसवलात, आणि रोज संध्याकाळी येऊन मला सांगितलंत, आज नाय निघाला.

मी बोल्ट हातात घेऊन तिथंच पुठ्ठ्यावर उठून बसले. मुक्ता रडायला लागली. ती म्हणाली, आई, बाबांनी तुझ्यासाठी ठेवला असेल, शेवटचा तू काढावास म्हणून. लेक बापाला सोडवायला बघत होती. मी म्हटलं, नाही, मुक्ता. त्यांना माझ्याकडून काढून घ्यायचा असता तर त्यांनी मला खाली बोलावलं असतं. त्यांना काम संपवायचं नव्हतं. काम संपलं असतं तर खाली यायला कारण उरलं नसतं आणि हात दुखायलाही कारण उरलं नसतं.

आक्का भिंतीला धरून उठल्या, माझ्या हातातून बोल्ट घेतला आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मिठागरावरच्या माणसाची मुलगी, तिला गंजलेलं लोखंड आणि घासलेलं लोखंड यातला फरक कुणी सांगायला नको. त्या म्हणाल्या, "यो निघाला व्हता, त मंग तो हितं बसून काय करत व्हता?"

मी म्हटलं, तेच मी विचारतेय, आक्का.

त्या बोलल्या, पण माझ्याशी नाही, ढवळीच्या मागच्या दाराशी बोलल्यासारख्या. "आमचं बाबा चालत इस्पितळात गेलं नि परत आलं नाय. तवा हा शाळंत व्हता. तवापासून ह्याला तापलं तरी सांगायचा नाय. पायात काटा मोरला तरी बांधावर जाऊन एकटा बसायचा. आमी हुडकत फिरायचो." मग बोल्ट माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "पोराला फोन कर, येऊ नको म्हनावं. गारीनं काय केला नाय." आणि खुर्चीवर बसून पदर तोंडाला लावला. उत्तरकार्यातसुद्धा त्या अशा रडल्या नव्हत्या.

जुना काढून नवा शॉकअप मी बसवला. मुक्तानं वरून धरला, मी खालून बोल्ट घातला आणि पाइप लावून अंगात होता तेवढा जोर काढून आवळला. चाक चढवलं, ठोकळे काढले. गाडी चार चाकांवर उभी आहे. वर येऊन हात धुतले, तुमच्यासारखेच, साखर घालून.

आता माझं ऐका. तुमच्या वडिलांचं तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात, एवढ्या गप्पांत, एकदाही. मी ते नंतर तुमच्या बहिणीकडून पार्किंगमध्ये ऐकलं, याचाही मला राग आहे. तुम्ही घाबरला होतात हे मला कळलं. कुणीही घाबरेल. मी तुम्हाला घाबरट म्हटलं नसतं. ओरडले असते, ते खरं, ओरडल्याशिवाय मला काही येत नाही. पण ओरडत ओरडत चप्पल घातली असती आणि कुलकर्ण्यांची गाडी त्याच दिवशी मागितली असती. तुमचा हात धरून मी तिथं बसले असते आणि डॉक्टरांनी मला बाहेर काढलं तरी गेले नसते. तुम्ही मला ते करू दिलं नाहीत. माझ्या हातात बाम दिलात आणि मला एका निघालेल्या बोल्टला शिव्या घालत बसवलंत.

त्या सगळ्या सकाळी तुम्ही खाली काय केलंत ते मला आता दिसतं. गाडीखाली गेला नसाल. ठोकळ्याला टेकून बसला असाल, डावा हात उजव्या हातानं धरून, पाना मांडीवर, कळ जाईपर्यंत. कुणी आलं तर काम चाललंय असं दिसावं म्हणून बोल्टकडे बघत. चेहरा नीट झाला की हातांना ग्रीस फासून जिना चढायचात. तेवढा वेळ मी ओट्याशी उभी असायचे, पोळ्या करत, रेडिओ लावून, तुमच्या हातोडीचा आवाज का येत नाही असं एकदाही न वाटता. खिडकी उघडीच असायची. तुम्ही नुसतं शैला म्हणायचं होतं, मोठ्यानंसुद्धा नाही.

अहो, मी वरच होते.